दादांनी निवडलेला रिसीव्हर

दुकानाच्या काउंटरवर नझीरने डिश-टीव्हीचे तीन रिसीव्हर ओळीने मांडले होते, आणि माझे वडील, दादा, त्यांचे रिमोट एकेक करून हातात घेत होते. पहिला बारीक, चंदेरी, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. तो त्यांनी लगेच खाली ठेवला. दुसऱ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पन्नासेक बटणं होती. तोही ठेवला. तिसरा मात्र त्यांच्या हातातून सुटेना. जुन्या कॅल्क्युलेटरसारखा जाडजूड रिमोट, रबराची टपोरी बटणं. त्यांचा अंगठा त्यावरून सावकाश खाली गेला, परत वर आला आणि मधल्या पाचाच्या बटणावर थांबला.

"हा घे," दादा म्हणाले.

मला हसू आलं. तिन्हींत सगळ्यात सुमार रिसीव्हर तोच होता. रंग मळकट, समोर चॅनेलचा नंबर दाखवणारे चार लाल आकडे, बाकी काही नाही. मी दादांना म्हटलं, पैशाचा विचार करून मन मारू नका, टीव्ही तुमच्यासाठीच घेतेय. ते म्हणाले, पैशाचा नाही करत. मग नझीरला त्यांनी विचारलं, "याच्यावर रेडिओ लागते का?"

नझीर मुकादम हा श्रीवर्धनचा. ओमानात सोहारला येऊन त्याला बारा वर्षं झाली होती आणि गावातल्या निम्म्या गच्च्यांवरच्या डिश त्यानेच बसवल्या होत्या. तो म्हणाला, लागतो की काका, आपल्या उपग्रहावरून आकाशवाणीसुद्धा येते. तिन्हींवर येते, पण यावर एकच बटण दाबलं की रेडिओ. बाकी दोन्हींवर मेनूत शिरून शोधावं लागतं. आणि डिश बसवताना सिग्नल सापडला की हा आवाज देतो, टूं टूं असा. जुनी पद्धत आहे, आता नवीन मॉडेलांत काढून टाकलीय.

"मग हाच," दादा म्हणाले.

पण मी घरून वहीत तक्ता करून नेला होता. मी तिथल्या भारतीय शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची आणि कुठलीही गोष्ट तक्ता केल्याशिवाय घ्यायची नाही. दरमहा पैसे भरायच्या कार्डवाल्या कंपनीचा डबा मी घरीच बाद केला होता, कारण त्यावर मराठी वाहिनी नव्हती. उरले ते हे तीन, कार्डाशिवाय चालणारे. कुणाचं चित्र जास्त स्पष्ट, कुणात किती चॅनेल मावतात, कुणाचा मेनू वाचायला सोपा, सगळ्याला मी गुण दिले होते. दुसऱ्या रिसीव्हरला सगळ्यात जास्त गुण पडले होते. मी नझीरला तोच बांधायला सांगितला आणि शुक्रवारी सकाळी डिश घेऊन ये म्हटलं. बाहेर येताना त्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं. गुडघे दुखतात म्हणून ते हल्ली तसं धरायचे.

ही दोन हजार पाच सालच्या मार्चमधली गोष्ट. माझे यजमान दिगंबर सोहारच्या नव्या बंदरात जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर इंजिनियर होते. पंधरा दिवस बोटीवर, पंधरा दिवस घरी. मुलगा आदल्याच वर्षी शिकायला भारतात गेला होता. घरात एक खोली रिकामी झाली होती, आणि तिकडे भुसावळला दादा एकटे होते.

दादा, म्हणजे काशिनाथ भिरूड, चौतीस वर्षं रेल्वेत ड्रायव्हर होते. शेवटची कितीतरी वर्षं मेल गाडीवर. भुसावळात ड्रायव्हरची कमतरता नाही, पण भिरूडांच्या डोळ्यांचं नाव होतं. रेल्वे ठरावीक वर्षांनी ड्रायव्हरचे डोळे तपासते. त्यात नापास झाला की माणूस इंजिनावरून उतरतो आणि कुठल्या तरी ऑफिसात फायली उचलायला लागतो. दादा निवृत्त होईपर्यंत एकदाही उतरले नाहीत. धुक्यातला सिग्नल फायरमनच्या आधी त्यांना दिसायचा, असं त्यांचे सोबती सांगत. लहानपणी मी सुईत दोरा ओवायलाही त्यांच्याकडेच जायची.

आदल्या वर्षी आई गेली. पुण्यातला माझा भाऊ धनंजय म्हणाला, घराला कुलूप लावू आणि दादांना इकडे आणू. दादांनी ऐकलं नाही. मग मी डोकं चालवलं. तीन महिने नुसते हवापालटाला या, म्हणून त्यांना सोहारला आणलं. मनात मात्र वेगळंच होतं. मला त्यांना कायमचं ठेवून घ्यायचं होतं. मला खात्री होती की इथल्या स्वच्छ खोलीत, वेळच्या वेळी जेवण मिळत असताना ते आपोआप रमतील. एकच उणीव होती. मी शाळेत गेले की दुपारपर्यंत ते खुर्चीत बसून असायचे. पेपर चाळायचे नाहीत, खालच्या बागेत उतरायचे नाहीत. संध्याकाळी मी आले की म्हणायचे, पेपर तूच वाच, तुझ्या आवाजात बरं वाटते. मला वाटलं, माणसाला मराठी ऐकायला नाही म्हणून असं होतंय. एकदा टीव्हीवर मराठी बातम्या आणि नाटकं सुरू झाली की परत जायचं नाव काढणार नाहीत. त्या रिसीव्हरवर माझा एवढा भरवसा होता.

शुक्रवारी सकाळी आठलाच नझीर आला. गच्चीवर त्याने जाळीची आठ फुटी डिश उभी केली, खांब ओळंब्यात घेतला आणि तोंड आग्नेयेला केलं. उपग्रह कुठे आहे ते मी शाळेतल्या पृथ्वीगोलावर मोजून ठेवलंच होतं. आता अंशाअंशाने डिश हलवायची आणि खाली टीव्हीवर सिग्नल येतो का ते कुणीतरी पाहायचं, एवढंच उरलं होतं. नझीर एरवी सोबत छोटा टीव्ही आणायचा, तो नेमका बिघडला होता. मी म्हटलं, दादा आहेत की.

मी खाली जाऊन सगळं लावलं. टीव्ही खरखरत होता, त्याचा आवाज बंद केला. रिसीव्हरचा सिग्नल पाहायचा मेनू उघडला. पडद्यावर खाली एक बारीक पट्टी होती, लाल. सिग्नल आला की ती हिरवी होऊन उजवीकडे सरकायची आणि शेजारी आकडा वाढायचा. वर कोपऱ्यात चित्रासाठी काडेपेटीएवढी चौकट. दादांची खुर्ची मी समोर ओढली आणि समजावलं की पट्टी हिरवी झाली की हाक मारा. जिन्याचं दार उघडं ठेवते, मला ऐकू येईल.

"तूच बस ना इथं," ते म्हणाले. "मी वर उभा राहतो त्याच्याजवळ."

मी म्हटलं, वर ऊन आहे आणि तुमचे गुडघे दुखतात. ते खुर्चीत बसले.

आम्ही डिश हलवायला लागलो. नझीर बोटभर सरकवायचा, मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन विचारायची, आणि खालून दादांचं उत्तर यायचं, "नाई." पुन्हा सरकवायचा, पुन्हा "नाई अजून." डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. तास झाला. नझीर घामाने निथळत होता. मला म्हणाला, ताई, तुमचं गणित बरोबर आहे, माझा हातही बरोबर आहे, सिग्नल मघाशीच मिळायला हवा होता. मी म्हटलं, मग केबल खराब असेल. त्याने केबलची टोकं कापून नवी जोडणी केली. दादांचं उत्तर तेच. आणखी अर्धा तास गेला. शेवटी नझीर म्हणाला, रिसीव्हरच सदोष असणार, मी दुसरा लावून बघतो. मला राग आला. वीस दिवस तक्ता करून घेतलेला रिसीव्हर सदोष कसा असेल? मी म्हटलं, तू डिशला हात लावू नकोस, मी खाली जाऊन बघते.

पायात चपला नव्हत्या, त्यामुळे माझी चाहूल दादांना लागली नसावी. मी दारात पोचले आणि थांबले.

पट्टी हिरवी होती. थेट उजव्या टोकापर्यंत. कोपऱ्यातल्या चौकटीत एक बाई बातम्या देत होती; तिचे ओठ हलत होते, आवाज तेवढा नव्हता. आणि तिच्यापासून चार हातांवर दादा बसले होते, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. इंजिनावर बसत असतील तसेच.

वरून नझीरने मला उद्देशून हाक दिली, "आला का?" ती हाक आपल्यासाठीच आहे असं दादांना वाटलं. ते पडद्याकडे पाहत म्हणाले, "नाई अजून."

आधी वाटलं, त्यांना पट्टी कळली नसेल. मग गेल्या दोन महिन्यांतलं एकेक सरळ दिसायला लागलं. न उघडलेला पेपर. दंडाला धरणं. ताटात भाजी कुठे वाढलीय हे दर वेळी विचारणं. आणि दुकानात रिमोटवरून फिरणारा तो अंगठा.

मी जिन्यात जाऊन नझीरला सांगितलं की सिग्नल मिळाला, नटबोल्ट घट्ट कर आणि थोडा वेळ वरच थांब. परत येऊन मी दादांच्या समोर, टीव्हीच्या आड जमिनीवर बसले.

"दादा, मी कुठल्या रंगाची साडी नेसलेय?"

त्यांनी गुडघ्यांवरचे हात उचलले, एकमेकांवर ठेवले.

"सिग्नल आला होता?" त्यांनी विचारलं.

"केव्हाच आला असणार."

"तो पोरगा उगाच उन्हात राह्यला," ते म्हणाले. "त्याले पाणी दे आधी."

मी विचारलं, कधीपासून हे असं आहे? ते म्हणाले, आई होती तेव्हापासून. उजवा डोळा आधी गेला, कळलंही नाही. डाव्यानं पांढरं दिसायला लागलं, दुधात पाहिल्यासारखं. तू दारात आलीस की दार भरल्यासारखं वाटते, बस तेवढंच.

"आईला माहीत होतं?"

"तिलेच माहीत होतं. ती सांगे अन् मी पाहे."

हे ते इतकं साधं बोलून गेले की मला रडूही आलं नाही. मी विचारलं, आम्हाला का सांगितलं नाही. तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या आवाजाच्या दिशेने नीट वळले.

"सांगितलं असतं तर तुम्ही दोघं बहीणभाऊ बसले असते अन् मले कुठं ठेवायचं ते ठरवलं असतं. डोळे गेलेल्या ड्रायव्हरले कोणी विचारते का, तुले कुठं जायचं हाये म्हणून? अन् आता तूही ठरवलंच हाये. तीन महिन्यांसाठी कोणी आठ फुटाची डिश उभी करत नाई, माय."

मी मान खाली घातली. त्यांना ते दिसलं नाही. मग ते भुसावळच्या घराबद्दल बोलायला लागले. ओट्यापासून मोरीपर्यंत तेरा पावलं. चुलीच्या डाव्या हाताला मिठाची बरणी, उजव्या हाताला तिखटाची. सकाळी पहिली गाडी गेली की दूधवाला येतो, दुसरी गेली की शेजारचा पाटील हाक मारतो, आणि कुठली गाडी उशिरा आहे हे सगळ्या गल्लीला तेच सांगतात. तिथे एकट्याने त्यांनी वर्ष काढलं होतं आणि गल्लीत कुणाला संशयसुद्धा आला नव्हता. "तिथं मले काही अडत नाई," ते म्हणाले. "तुझं घर चांगलं हाये, पण ते मले पाठ नाई. इथं मी आंधळा हाये."

मी दादांना जिथे सुखी ठेवायला निघाले होते, तेवढी एकच जागा त्यांना आंधळं करणारी होती, हे ऐकून घेणं मला सोपं गेलं नाही. माझ्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

त्यांनी माझ्याकडे एक वचन मागितलं, धनंजयला यातलं काही सांगायचं नाही. मी नाही म्हटलं. "लपवणार मी काही नाही," मी म्हणाले. "त्यालाही सांगेन आणि उद्या डॉक्टरकडेही नेईन. पण राहायचं कुठे ते तुम्ही ठरवायचं. डॉक्टर काहीही म्हणाला तरी. हे वचन घ्या."

"अन् तुझा भाऊ भांडला तर?"

"मी भांडेन त्याच्याशी."

दादांनी हात पुढे केला आणि हवेत माझा हात शोधला.

नझीर खाली आला तेव्हा मी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि विचारलं की हा रिसीव्हर परत घेऊन तो तिसरा देशील का. त्याने एकदा दादांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाला, आणलाय ताई, गाडीतच आहे. काकांनी दुकानात रिमोट कसा हातात घेतला ते मी पाहिलं होतं. माझी आजी तसंच करायची. तेव्हा बोललो नाही, तुमच्या हातात वही होती.

दुपारपर्यंत तो मळकट डबा जोडून झाला. दादांनी रिमोट घेतला, पाचावरची बारीक पुटकुळी शोधली, तिथून दोन बोटं खाली रेडिओचं बटण, आणि घरात आकाशवाणीच्या बातम्या सुरू झाल्या. आम्ही दोघांनी त्या ऐकत जेवण केलं. भाजी कुठे आहे ते मी आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सोहारच्या डॉक्टरने तपासलं आणि आम्हाला मस्कतला पाठवलं. उजवा डोळा काचबिंदूने गेला होता, तो परत येण्यासारखा नव्हता. डाव्यातही काचबिंदू शिरला होता, पण त्याच्यावर पिकलेला मोतीबिंदू होता, आणि तो काढता येणार होता. डॉक्टर म्हणाले, आणखी वर्षभर लपवलं असतं तर काढून उपयोग झाला नसता. दादा म्हणाले, "मग वेळेत आलो म्हणा."

ऑपरेशननंतर पट्टी सोडली तेव्हा दिगंबरही सुट्टीवर आले होते. दादांनी भिंत पाहिली, खिडकी पाहिली, मग बराच वेळ मान हळूहळू फिरवत मला शोधलं. फार थोडं दिसत होतं, मध्ये एक खिडकी आणि भोवती अंधार, पण त्या खिडकीत मी आले. "केस पांढरे झाले की तुझे," ते म्हणाले. "कोणी सांगितलं नाई मले." मी म्हटलं, मलाही कुणी सांगितलं नाही. दिगंबर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

धनंजयला मी त्याच आठवड्यात सगळं सांगितलं होतं. तो चिडला, आणि त्याचं चुकत होतं असंही मला म्हणता येत नाही. एका डोळ्याचा, तोही अर्धा, पंच्याहत्तरीचा माणूस रेल्वेलाइनजवळच्या घरात एकटा राहणार, आणि तूच त्याला पाठवतेस? उद्या काही झालं तर कोण जबाबदार? मी म्हटलं, मी. तो म्हणाला, तुझं काय, तू परदेशात बसली आहेस. ते शब्द मला लागले, अजून लागतात. पुढची दोन वर्षं तो माझ्याशी सणावारापुरतंच बोलला.

जूनमध्ये दादा परत गेले. रिसीव्हर त्यांनी ट्रंकेत धोतरांच्या घड्यांमध्ये गुंडाळून बरोबर नेला. तिकडे पाटलांच्या पुतण्याने त्याला डिश लावून दिली. सोहारच्या गच्चीवरच्या आमच्या डिशच्या जाळीत पुढे कबुतरांनी संसार थाटला. दादा भुसावळच्या त्या घरात आणखी नऊ वर्षं राहिले. एकदा ओट्यावरून पडले, हात मोडला. एकदा डोळ्यात औषधाचे थेंब घालायचे विसरले आणि आठवडाभर डोळा लाल झाला. प्रत्येक वेळी धनंजय फोन करायचा आणि प्रत्येक वेळी मी दादांना एकच विचारायची, तुम्हाला काय करायचंय. उत्तर एकच असायचं.

पण मला आठवतो तो दादा परतल्यानंतरच्या पहिल्या डिसेंबरातला फोन. शाळेला सुट्टी होती, मी दुपारी निवांत फोन लावला. बरीच रिंग वाजल्यावर त्यांनी उचलला. मागे कसलातरी तडतड आवाज येत होता. मी विचारलं, काय चाललंय.

"काही नाई, अंगणात कपाशीच्या काड्या पेटवल्या हायेत. भरिताची वांगी टाकली त्याच्यात. पाटील अन् दोघं तिघं येणार हायेत जेवायले."

विस्तव, आणि त्याच्याजवळ दादा, एकटे. माझ्या घशाशी शब्द आले. पाटलांना बोलवा, चिमटा घ्या, लांब उभे राहा, धोतर सांभाळा. मी ते सगळे गिळले आणि विचारलं, भाजली ती कशी कळतात तुम्हाला?

"वासानं. अन् साल फुटते तेव्हा आवाज होते," दादा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात घाई आली. "आता झाली वाटते. ठेव फोन, माय, जळतीन."